मोरीचा नकाशा

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत चाळीतल्या घराची दुरुस्ती काढायची म्हटले की चर्चेची गाडी शेवटी मोरीपाशी येऊन थांबते. भिंतींना रंग कोणता, जुनी शहाबादी फरशी काढून नवी लादी बसवायची का, पोटमाळा ठेवायचा की काढून टाकायचा, हे प्रश्न संध्याकाळच्या दोन बैठकांत सुटतात. मोरीचा प्रश्न मात्र महिनोन्महिने चालतो. मोरी वाढवून न्हाणीघर करायचे का, त्यातच संडास घ्यायचा का, कपडे धुण्याचे यंत्र कुठे ठेवायचे आणि हे सारे दहा बाय सोळाच्या खोलीत बसवले तर माणसांनी झोपायचे कुठे, असे चार प्रश्न त्या एका प्रश्नात गुंतलेले असतात. घरातल्या प्रत्येकाचे त्यावर स्वतंत्र मत असते आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचे थोडेथोडे बरोबर असते.

चाळीत न वाढलेल्या वाचकांना मोरी म्हणजे काय हे सांगायला हवे. खोलीच्या एका कोपऱ्यात, बहुधा खिडकीखाली, वीतभर उंचीच्या कठड्याने वेगळी केलेली तीन बाय चारची जागा. पहाटे पाणी आले की इथे पिंप भरायचे. मग ओळीने सगळ्यांच्या अंघोळी, त्यानंतर धुणे, त्यानंतर भांडी, संध्याकाळी पुन्हा हातपाय धुणे आणि रात्री पुन्हा भांडी. एका जागेकडून इतकी कामे करून घेणारी दुसरी जागा घरात नसते. आणि या वेळापत्रकाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. सुनेची अंघोळ व्हायची असते म्हणून सासरे पेपर घेऊन गॅलरीत जातात, दीर दाराबाहेर ताटकळतो, आणि ती बाई पडद्याआड पाच मिनिटांत अंग ओले करून बाहेर येते. वर्षानुवर्षे, रोज.

संडास गॅलरीच्या टोकाला. दिवसा रांग आणि रात्री अंधार. पावसाळ्यात वाट ओली आणि निसरडी. तरणीताठी माणसे हे सारे हसण्यावारी नेतात. पण घरात कुणाचे गुडघे गेले, कुणाच्या खुब्याचे हाड मोडले, कुणाला प्रोस्टेटच्या त्रासाने रात्री चार वेळा उठावे लागू लागले, की तीच तीस पावलांची गॅलरी मैलभर लांब होते. संध्याकाळी सहानंतर पाणी प्यायचे सोडून देणाऱ्या म्हाताऱ्या बायका या चाळींतून पुष्कळ आहेत. रात्री उठावे लागू नये एवढाच त्यांचा हेतू असतो. डॉक्टर त्यांना भरपूर पाणी प्या म्हणून सांगतात, आणि त्या मान डोलावतात.

संडास घराबाहेर का गेला, याचा इतिहास आपण सोयीस्कर विसरलो आहोत. पूर्वी या शहरात पाण्याचे संडास नव्हते, टोपलीचे होते. दोन इमारतींच्या मध्ये एक चिंचोळी बोळ ठेवलेली असे. ही घरगल्ली. तिच्यातून मागच्या बाजूने माणूस येई आणि दुसऱ्यांचा मैला हाताने काढून नेई. त्याच्या कामासाठी जो कर घेतला जाई त्याचे नावच ‘हलालखोर कर’ होते आणि १८८८ च्या महापालिका कायद्यात ते तसेच छापलेले होते. संडास दूर ठेवण्यामागे दुर्गंधी हे एक कारण होते. दुसरे कारण असे, की ते काम करणाऱ्या माणसाने घरात पाऊल टाकू नये अशी व्यवस्था समाजाला हवी होती. सोवळ्याओवळ्याच्या कल्पनेने घराचा नकाशा काढला होता. पुढे पाण्याचे संडास आले, मैला नळातून वाहू लागला, टोपली गेली. अंतर ठेवण्याचे कारण संपले, पण अंतर उरले. आज एखाद्या घरातली आजी ‘देव्हाऱ्यापासून चार हातांवर संडास नको’ म्हणते तेव्हा तिच्या तोंडून हा जुना नकाशाच बोलत असतो. आणि त्या नकाशाचा सर्वांत जास्त त्रास आज त्या आजीलाच होतो.

१८९६ च्या प्लेगने मुंबईला गलिच्छ वस्तीची किंमत शिकवली. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, नवे रस्ते आखले गेले, नव्या चाळी उठल्या. १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले आणि त्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्गावर काँक्रीटच्या २०७ चाळी बांधल्या. त्याच आपल्या बीडीडी चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या या खोल्यांत माणसाला झोपायला किती जागा लागते याचा हिशेब होता. त्याला रात्री-अपरात्री कुठे जावे लागते याचा नव्हता. एकटे पुरुष राहतील हे गृहीत धरलेल्या घरांतून पुढे तीन-तीन पिढ्यांचे संसार झाले.

आता थोडे परदेशाकडे पाहू. अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत अलीकडे एक आवडता बेत असतो, तो म्हणजे घराच्या तळघराचे नूतनीकरण. आईवडील सहा महिने राहायला येणार, त्यांना जिना नको, म्हणून तळघरात एक खोली, एक न्हाणीघर आणि शेजारी कपडे धुण्याची खोली. फोनवर त्याची वर्णने ऐकताना इकडच्या नातेवाइकांना हेवा वाटतो. पण त्या तळघराची अडचण आणि आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीची अडचण यांचे मूळ एकच आहे. पाणी खाली वाहते. तळघराची जमीन पुष्कळदा रस्त्यातल्या गटाराच्या नळापेक्षा खाली असते, तेव्हा मैला आणि सांडपाणी पंपाने वर चढवावे लागते, आणि वीज गेली की सारे अडते. मुंबईत तर तळघरात राहण्याचा विचारही कुणी करू नये. इथले बांधकाम नियम तळघर वाहने, यंत्रे आणि सामान यांच्यासाठी राखतात, राहण्यासाठी नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ते का, हे शहराने डोळ्यांनी पाहिले.

आपल्याकडे पाणी वर चढवायचे नसते, खाली सोडायचे असते. ते सोपे वाटते. पण खाली कुणाचे तरी छप्पर असते. चाळीतल्या मोरीचा सगळा विचार इथून सुरू झाला पाहिजे आणि नेमका इथूनच तो होत नाही. आपण लाद्यांचा रंग निवडतो, नळ कुठल्या कंपनीचा ते ठरवतो, आरसा कुठे लावायचा यावर वाद घालतो. नळाचा उतार किती ठेवायचा हे मात्र कंत्राटदारावर सोडून देतो.

म्हणून या बाबतीतली चार व्यवहाराची सूत्रे इथे मांडतो. पहिले जागेचे. न्हाणी आणि संडास एकत्र असेल तर किमान २.८ चौरस मीटर जागा हवी, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. म्हणजे सुमारे तीस चौरस फूट. १६० फुटांच्या खोलीचा जवळजवळ पाचवा हिस्सा. तो द्यायचा की नाही याचा निर्णय घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आणि घरातल्या बायकांना विचारून घ्यावा. कर्त्या पुरुषाला ती जागा नेहमीच जास्त वाटते.

दुसरे सूत्र नळाचे. मोरीतून बाहेर जाणारा जुना नळ हा सांडपाण्याचा असतो. त्यालाच संडासाचा नळ जोडून देणारे कारागीर भेटतात आणि काम स्वस्तात होते म्हणून मालकही खूश होतो. सहा महिन्यांत तो नळ तुंबतो आणि खालच्या मजल्यावरच्या मोरीतून वर येतो. संडासाला स्वतंत्र, चार इंची नळ हवा. तो थेट तपासणीच्या चेंबरपर्यंत गेला पाहिजे आणि त्याचे वरचे टोक छपराच्या वर हवेसाठी उघडे हवे. आडव्या नळाला चाळीस फुटांना एक फूट या हिशेबाने उतार द्यावा, म्हणजे दहा फुटांच्या अंतरात तीन इंच. यावरून एक गोष्ट आपोआप ठरते. संडास बाहेरच्या भिंतीलाच चिकटून हवा. तो खोलीच्या मध्ये किंवा दाराशी घेतला तर उतारासाठी जमीन उचलावी लागते.

जमीन उचलण्यावरून तिसरे सूत्र निघते, ते वजनाचे. तीस चौरस फुटांची जागा विटांचे तुकडे, वाळू आणि सिमेंट घालून नऊ इंच उचलली तर एक टनाहून अधिक वजन त्या कोपऱ्यावर येते. पाण्याचे पिंप दोनशे किलोचे, पोटमाळ्यावर पाचशे लिटरची टाकी ठेवली तर तिचा अर्धा टन. गिरगावातल्या पुष्कळ जुन्या चाळींची जमीन सागवानी तुळयांवर उभी आहे. या तुळयांची टोके भिंतीत जिथे रुतलेली असतात तिथेच वर्षानुवर्षे मोरीचे पाणी झिरपलेले असते. लाकूड वरून ठणठणीत दिसते आणि भिंतीच्या आत त्याचा भुसा झालेला असतो. तेव्हा आधी फरशी उकलून तुळयांची टोके पाहावीत, आणि ती स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवावीत. भिंतीतून मागे नळ काढता येईल असे कमोड घेतले तर जमीन फारशी उचलावी लागत नाही. आडभिंत हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची करता येते. या सगळ्याला थोडा खर्च जास्त येतो. पण घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी सिद्धीसाई ही इमारत कोसळून १७ माणसे मेली, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता. ते आठवले की इंजिनीअरची फी महाग वाटत नाही.

चौथे सूत्र परीक्षेचे. जलरोधक थर बसला, की लादी लावण्यापूर्वी पाणी जाण्याचे भोक बंद करून दोन इंच पाणी भरावे आणि दोन दिवस तसेच ठेवावे. या दोन दिवसांत खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला घरी बोलावून चहा पाजावा आणि त्यांच्या छताकडे त्यांनाच लक्ष ठेवायला सांगावे. ओल दिसली तर तेव्हाच दुरुस्त होते. लाद्या बसल्यावर दिसली तर दोन कुटुंबांचे बोलणे बंद होते आणि एकाच जिन्यावरून जाताना माणसे भिंतीकडे पाहू लागतात.

धुण्याच्या यंत्राबद्दल आणि गरम पाण्याबद्दल थोडे. वरून कपडे टाकायच्या यंत्राला एका फेरीत शंभरएक लिटर पाणी सहज लागते. ते पाणी साठवायचे कुठे आणि एकदम सोडले तर जुना नळ ते घेईल का, हे आधी पाहावे. यंत्र पिळणीला लागले की लाकडी जमीन थरथरते, म्हणून ते तुळईच्या मध्यावर न ठेवता भिंतीच्या कडेला ठेवावे. जुन्या चाळींत अर्थिंग नसलेली वायरिंग अजून सापडते. ओल्या जागेत यंत्र किंवा गीझर जोडण्यापूर्वी ती बदलून घ्यावी आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवावा. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात कधीही लावू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध होतो.

एवढी तयारी केली तरी एक खोली एकट्याने हे काम नीट करू शकत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्याने संडास घेतला, दुसऱ्यावरच्याने नाही घेतला, पहिल्यावरच्याने वेगळ्या कोपऱ्यात घेतला, की चाळीच्या मागच्या भिंतीवर नळांचे जाळे होते. ते एकमेकांना जिथे छेदतात तिथे गळतात आणि भिंतीच्या फटींतून पिंपळ उगवतो. एकाखाली एक असलेल्या चार खोल्यांनी मिळून एक नळ घेतला तर खर्च चौघांत वाटला जातो, सगळ्या मोऱ्या एका रेषेत येतात आणि कुणाच्या झोपण्याच्या जागेवर कुणाचा संडास येत नाही. गणपतीची वर्गणी गोळा करणारी, दहा दिवस रात्र रात्र जागून आरास करणारी चाळ या कामासाठी एकत्र बसू शकत नाही, असे मला वाटत नाही. ती बसत नाही, कारण तिला कुणी बसायला सांगितलेले नाही.

आणि कायद्यानेही सांगितलेले नाही. भाडेकरूने घरमालकाच्या लेखी संमतीवाचून जागेत कायमचे बांधकाम केले तर ते जागा खाली करून घेण्याचे कारण होऊ शकते, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये आहे. पण कायमच्या बांधकामात काय धरायचे नाही, याची यादीही तिथे दिली आहे. पालिकेची आवश्यक ती परवानगी असेल तर लाकडी आडभिंत, स्वयंपाकाचा उभा ओटा, दार, हवेसाठी खिडकी, खोटे छत, वातानुकूलन यंत्र, धुराडे हे त्यात धरले जात नाही. ही यादी मी अनेकदा वाचली आहे. तिच्यात वातानुकूलन यंत्र आहे, संडास नाही. बाई उभ्याने स्वयंपाक करील याची काळजी कायद्याने घेतली, ती रात्री कुठे जाईल याची घेतली नाही. घरमालकांना गळतीची आणि तुळयांची धास्ती वाटते ती खोटी नाही, इमारत त्यांचीही आहे. म्हणून संमतीची अट सरसकट काढा, असे मी म्हणत नाही. इंजिनीअरचा दाखला, पालिकेची परवानगी आणि एका रेषेतल्या सर्व खोल्यांचा एकत्रित आराखडा या तीन गोष्टी असतील तर संडास आणि न्हाणीही त्या यादीत यावी, एवढीच मागणी आहे. विधिमंडळाला ती एका ओळीची दुरुस्ती आहे.

पैशाचा प्रश्न राहतो. बँकेत कर्जाचे अर्ज पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे या प्रश्नाची दुसरी बाजू मला माहीत आहे. अर्जदाराची नोकरी पक्की, परतफेडीची ऐपत चांगली, पण ‘तारण काय?’ या रकान्यात पागडीची भाडेपावती. पागडीला १९९९ च्या कायद्याने मान्यता दिली, म्हणून ती पावती गहाण ठेवता येण्याजोगी मालमत्ता झाली नाही. मग माणूस पतपेढीकडे जातो किंवा बायकोच्या बांगड्या मोडतो. म्हणून घराच्या सर्वांत गरजेच्या दुरुस्तीला आपल्याकडे सर्वांत महाग पैसा लागतो. सहकारी बँकांनी चार खोल्यांच्या गटाला परस्परांच्या हमीवर असे छोटे कर्ज द्यावे. बचत गटांना ते देता येते, तर एका भिंतीला धरून राहणाऱ्यांना का नाही?

‘आता पुनर्विकास होणारच आहे, मग कशाला खर्च?’ हा शेवटचा आक्षेप, आणि सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारा. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा कायदा १९६९ साली आला, तेव्हा उपकर भरणाऱ्या इमारती १९,६४२ होत्या. त्यांतल्या हजारो आजही उभ्या आहेत, म्हणजे माणसे त्यांत राहत आहेत. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ साली झाले आणि वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. ज्यांना मिळाल्या त्यांच्या आनंदात आपण सामील आहोतच. पण भूमिपूजनाच्या वेळी जी आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती ती चाव्यांच्या वेळी शहाऐंशीची झाली, आणि हा सरकारने स्वतः हाती घेतलेला प्रकल्प होता. ज्या चाळीत अजून बिल्डर, घरमालक आणि तीन गट यांचा वाद चालू आहे तिथल्या आजीने किती वाट पाहायची? समजा, या कामाला दोन लाख खर्च आला आणि दहा वर्षांनी इमारत पाडली गेली. दिवसाला पंचावन्न रुपये पडले. त्यात ती आजी रात्री पाणी पिऊ लागली तर हा व्यवहार तोट्याचा कुणी म्हणू नये.

म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाने उपकरप्राप्त इमारत दुरुस्तीला घेतली की टेकू लावून आणि प्लास्टर करून न थांबता प्रत्येक रेषेला संडासाचा एक नळ त्याच वेळी घालावा. मचाण एकदाच बांधावे लागते. ज्यांचा पुनर्विकास खरोखर होणार आहे त्यांनीही नकाशावर सही करण्यापूर्वी खोल्या मोजून थांबू नये. धुण्याचे यंत्र कुठे उभे राहणार, त्याचे पाणी कुठे जाणार आणि कपडे कुठे वाळणार, हे वास्तुविशारदाला विचारावे. चाळीच्या गॅलरीत दोरी होती. नव्या टॉवरमध्ये बाहेर कपडे दिसता कामा नयेत असा नियम असतो आणि आत उन्हाला वाव नसतो.

आणि एक गोष्ट मोरीच्याही पलीकडची. आपण आतून कितीही चकचकीत लाद्या बसवल्या तरी आपला नळ मागच्या घरगल्लीतच उतरतो. तिथे तो फुटला, की आपण खिडकी लावून घेतो आणि पालिकेकडे तक्रार करतो. मग एक माणूस त्या बोळात उतरतो. हाताने मैला उचलायला लावण्याची प्रथा बंद करणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले, पण फुटक्या नळाखालून वाहणारे जे काही असते ते त्या माणसाच्या पायाला लागतेच. आपला नळ चेंबरपर्यंत नीट नेणे, त्याचे सांधे पक्के करणे, खिडकीतून कचरा मागे न टाकणे, हाही घराच्या नूतनीकरणाचाच भाग आहे. अंदाजपत्रकात त्याचा रकाना नसतो, तो आपण घालावा. आपल्या आजीची गॅलरीची वाट वाचली, म्हणून दुसऱ्या कुणाला आपल्या खिडकीमागे घाणीत उभे राहावे लागू नये.